विदुषी ॲडा लव्हलेस

इंग्लंडचे विख्यात कवी लॉर्ड बायरन यांना १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे एक कन्यारत्न झाले. तिचे नाव ऑगस्टा ॲडा असे ठेवण्यात आले. परंतु सर्वजण तिला ॲडा याच नावाने ओळखू लागले. पित्याच्या मांडीवर खेळण्याचे भाग्य मात्र या मुलीच्या वाट्यास आले नाही. आईवडिलांचे एकमेकांशी पटेना. मुलगी अवघी पाच आठवड्यांची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. त्याच वर्षी बायरन यांनी इंग्लंडचा किनारा सोडला तो कायमचा, आणि १८२४ साली ग्रीस देशात त्यांचा अंत झाला. ॲडा तेव्हा आठ वर्षांची होती. जन्मदात्याचे मुख तिने जाणतेपणी कधी पाहिलेच नाही.

तिची आई ॲनाबेला ही सुशिक्षित व करारी स्त्री होती. तिला स्वतःला गणिताची आवड होती. कवीच्या मुलीत कवीचा लहरी स्वभाव उतरू नये, असे तिला मनापासून वाटे. त्यावर उतारा म्हणून तिने ॲडाला लहानपणापासूनच गणित आणि शास्त्रे शिकविण्यासाठी घरी शिक्षक नेमले. त्या काळी श्रीमंतांच्या मुलींना थोडे शिवणकाम, थोडे संगीत आणि थोडी फ्रेंच भाषा आली म्हणजे शिक्षण पुरे झाले, असे मानीत. तेव्हा ॲडाला मिळालेले हे शिक्षण जगावेगळेच म्हणावयाचे. उताऱ्याचा गुण कितपत आला हे सांगणे कठीण आहे; कारण ॲडाची कल्पनाशक्ती तिळमात्र कमी झाली नाही. बारा वर्षांची असताना तिने आकाशात उडण्याचा ध्यास घेतला. पक्ष्याच्या शरीराच्या मानाने त्याचे पंख किती मोठे असतात, हे तिने बारकाईने पाहिले. कागद, रेशीम, तारा यांपैकी कशाचे पंख करावेत याचा तिने विचार केला. वाफेच्या बळावर उडणारा घोडा तयार करून त्यावर स्वार व्हावे, असाही एक बेत तिच्या डोक्यात होता. बेत पोरवयाचा खरा. पण पंख लावण्यापूर्वी पक्षी मोजून पाहण्याची बुद्धी तिला झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८२९ साली तिला गोवर झाला आणि त्यातून तिच्या पायांतील शक्ती गेली. कित्येक महिने ती अंथरुणाला खिळून होती. पुढेही बराच काळ ती कुबड्यांच्या आधाराने चालत असे. या दिवसांतही तिचा अभ्यास सुटला नाही.

ती सतरा वर्षांची असताना, १८३३ सालच्या जून महिन्यात, लंडनमधील एका मेजवानीत तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज हे केंब्रिज विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. पूर्वी ज्या पदावर न्यूटन यांनी काम केले होते, तेच पद त्या वेळी बॅबेज यांच्याकडे होते. या भेटीचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची एक अडचण समजून घेतली पाहिजे.

आज मोठा गुणाकार करावयाचा झाला तर आपण चटकन यंत्राकडे वळतो. तेव्हा तशी सोय नव्हती. खलाशी, खगोलशास्त्रज्ञ, पूल बांधणारे स्थापत्यविशारद, विम्याचे हिशेबनीस, या सर्वांना छापील कोष्टकांच्या जाडजूड पुस्तकांवर विसंबावे लागे. ती कोष्टके माणसेच हाताने तयार करीत. आणि मौज अशी की, आकडेमोड करणाऱ्या अशा माणसालाच तेव्हा इंग्रजीत कंप्युटर म्हणत असत. माणूस म्हटला की चूक आलीच. एकाने बेरजेत चूक करावी, दुसऱ्याने उतरवून घेताना आकडा बदलावा आणि उरलेली कसर छापखान्यातील जुळाऱ्याने भरून काढावी! भर समुद्रात आपले जहाज कोठे आहे हे ज्या कोष्टकावरून ठरवायचे, त्यातलाच आकडा खोटा निघाला तर प्राणांशी गाठ. १८२१ साली बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल हे अशीच दोन गणकांनी वेगवेगळी केलेली गणिते ताडून पाहत बसले होते. चुकांमागून चुका सापडू लागल्या. बॅबेज अगदी त्रासून गेले, आणि ही सारी आकडेमोड वाफेच्या यंत्राकडून करून घेता आली तर किती बरे होईल, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी जे यंत्र योजले त्याला डिफरन्स एंजिन असे नाव होते. डिफरन्स म्हणजे फरक. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. शेजारशेजारच्या संख्यांतील फरक काढले तर ३, ५, ७, ९ येतात. या फरकांचे पुन्हा फरक काढले तर सर्वत्र २ येतात. म्हणजे उलट दिशेने गेल्यास केवळ बेरजा करीत करीत वर्गांचे कोष्टक वाटेल तितके लांबविता येते; गुणाकाराची गरजच पडत नाही. बेरीज करण्याचे काम दातेरी चाकांकडून करवून घेता येते. या यंत्राचा एक छोटा भाग १८३२ साली जोडून तयार झाला होता आणि तो बॅबेज यांच्या दिवाणखान्यात मांडलेला असे. तो पाहण्यासाठी मोठमोठ्या लोकांची रीघ लागे.

पाहुण्यांना बॅबेज एक गंमत करून दाखवीत. यंत्राचा दांडा फिरवला की एका ठरावीक क्रमाने संख्या येऊ लागत. पाहणारा थोड्याच वेळात तो क्रम ओळखी आणि पुढची संख्या आपणच सांगू लागे. पुष्कळ वेळ त्याचे म्हणणे खरे ठरे. मग एकाएकी भलतीच संख्या उमटे! पाहुण्याला वाटे, यंत्र बिघडले. परंतु ते बिघडलेले नसे. अमुक संख्येनंतर क्रम बदलावा, अशी योजना बॅबेज यांनी आधीच चाकांत करून ठेवलेली असे. जो केवळ बाहेर येणारी उत्तरे पाहत होता, तो फसला. आत चाके कशी लावली आहेत हे ज्याने पाहिले असते, तो फसला नसता. ॲडा आपल्या आईबरोबर हे यंत्र पाहावयास गेली, तेव्हाची हकीकत सोफिया डी मॉर्गन या बाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. इतर मंडळी डोळे विस्फारून त्या चकचकीत चाकांकडे नुसती पाहत राहिली. ॲडाने मात्र यंत्राचे काम कसे चालते हे समजून घेतले, असे त्यांनी नमूद केले आहे.

१८३५ साली ॲडाचा विवाह विल्यम किंग या सरदारांशी झाला. पुढे तीन वर्षांनी पतीला अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली आणि ॲडा लेडी लव्हलेस झाली. तेव्हा आता आपणही तिला एकेरी नावाने न संबोधता लव्हलेसबाई म्हणू.

लव्हलेसबाईंना तीन अपत्ये झाली. संसार, मुलांची आजारपणे आणि स्वतःची नाजूक प्रकृती यांतून वेळ काढून त्यांनी गणिताचा व्यासंग चालू ठेवला. मेरी सॉमरव्हिल या थोर विदुषीचा स्नेह त्यांना लग्नापूर्वीच लाभला होता. १८४० पासून ऑगस्टस डी मॉर्गन हे गणिती पत्रांतून त्यांना शिकवू लागले. वर ज्यांचा उल्लेख आला त्या सोफियाबाईंचे हे पती. या डी मॉर्गन यांचा जन्म आपल्या देशात, मदुराई येथे १८०६ साली झाला होता. वरच्या वर्गांत गेल्यावर त्यांच्या नावाचे नियम तुम्हांला शिकावे लागतील. लव्हलेसबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. एखादी पायरी पटली नाही तर ती तशीच मान्य करून त्या पुढे जात नसत. आपल्याला हे कळले नाही, असे गुरूला कळविण्यात त्यांना संकोच वाटत नसे.

इकडे बॅबेज यांच्या मनात एका नव्या, फार मोठ्या यंत्राची कल्पना आली होती. डिफरन्स एंजिनसाठी सरकारने सुमारे १७,००० पौंड खर्च केले होते. तरी ते पुरे झाले नाही. १८४२ साली सरकारने त्यातून अंग काढून घेतले. नव्या यंत्राचे नाव ॲनालिटिकल एंजिन असे होते. त्यात संख्या साठविण्यासाठी एक कोठार आणि त्या दळून काढण्यासाठी एक गिरणी, अशी योजना होती. यंत्राने कोणत्या संख्या घ्याव्यात, त्यांची बेरीज करावी की भागाकार, हे सांगण्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे तुकडे वापरावयाचे होते. ही युक्ती त्यांनी फ्रान्समधील जॅकार्ड यांच्या मागावरून घेतली. त्या मागावर अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून रेशमी कापडात वेलबुट्टी विणली जाई. पुठ्ठे बदलले की नक्षी बदले. माग तोच राही. तसेच या यंत्राचे होते. पुठ्ठे बदलावेत आणि त्याच यंत्राकडून वेगळे गणित करवून घ्यावे. आजच्या संगणकाचे बीज यातच आहे.

या यंत्रावर बॅबेज यांनी १८४० साली इटलीतील तुरीन शहरी व्याख्याने दिली. तेथील मेनाब्रिया नावाच्या लष्करी अभियंत्याने ती ऐकून फ्रेंच भाषेत एक निबंध लिहिला. तो १८४२ साली प्रसिद्ध झाला. हे मेनाब्रिया पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. त्यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर लव्हलेसबाईंनी केले. तुम्ही स्वतःच्या काही टिपा त्याला जोडाव्यात, असे बॅबेज यांनी सुचविले आणि बाई कामाला लागल्या. ऑगस्ट १८४३ मध्ये काम पुरे झाले तेव्हा टिपा मूळ निबंधाच्या तिपटीइतक्या लांब झाल्या होत्या. शेवटी सही म्हणून केवळ नावाची आद्याक्षरे होती.

टिपांतील शेवटच्या टिपेत एक मोठा तक्ता आहे. बर्नुली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची एक मालिका गणितात आहे. त्यांतील प्रत्येक संख्या काढण्यासाठी आधीच्या संख्या लागतात, म्हणून त्या हाताने काढणे फार कष्टाचे असते. ॲनालिटिकल एंजिनकडून ही संख्या कशी काढून घ्यावी, याच्या पंचवीस पायऱ्या लव्हलेसबाईंनी या तक्त्यात मांडल्या. काही पायऱ्या यंत्राने पुन्हा पुन्हा कराव्यात, अशीही योजना त्यात आहे. यालाच आपण आज आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतो. बॅबेज यांच्या वह्यांत अशा तऱ्हेचे लहान प्रयत्न यापूर्वीचे आढळतात, तेव्हा पहिला प्रोग्राम कोणाचा याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु इतक्या तपशिलाने मांडून छापलेला पहिला प्रोग्राम बाईंचा, हे मान्य करावयास हरकत नाही.

या तक्त्याची खरी थोरवी त्याच्या मांडणीत आहे. केवळ अमुक करा, तमुक करा, एवढे सांगून बाई थांबल्या नाहीत. प्रत्येक पायरीपुढे त्यांनी लिहिले की कोणत्या दोन रकान्यांतील संख्या घ्यावयाच्या, उत्तर कोणत्या रकान्यात ठेवावयाचे, या पायरीने कोणत्या रकान्यातील संख्या बदलली आणि कोणती तशीच राहिली, आणि या वेळी उत्तर काय यावयास हवे. चांगला हिशेबनीस जशी प्रत्येक रकमेची नोंद जमेला आणि खर्चाला ठेवतो, तशीच ही रीत होती. यंत्र तर अस्तित्वातच नव्हते! चालवून पाहावे आणि चुकले तर दुरुस्त करावे, ही सोय बाईंना नव्हती. जे काही तपासावयाचे ते कागदावर, डोळ्यांनी आणि बुद्धीने.

त्या उन्हाळ्यात त्यांनी फार कष्ट घेतले. या संख्यांच्या दलदलीत आपण पुरत्या रुतलो आहोत, अशा अर्थाची तक्रार त्यांच्या एका पत्रात आहे. तक्ता त्यांनी पेन्सिलीने लिहिला होता. त्यावर शाईने गिरविण्याचे काम त्यांचे पती करीत बसले होते. सरदाराने पत्नीच्या आकड्यांवर शाई फिरवीत बसावे, हे त्या काळाच्या मानाने कौतुकाचेच म्हटले पाहिजे. बाईंचे कष्ट वाचावेत म्हणून या संख्यांचे बीजगणित करून देण्याचे काम बॅबेज यांनी आपणाकडे घेतले होते. बॅबेज म्हणजे वयाने चोवीस वर्षांनी वडील, युरोपात गाजलेले गणिती, आणि यंत्राचे जनक. त्यांच्याकडून आलेले कागद कोणी तपासले असते? लव्हलेसबाईंनी ते तपासले. त्यात एक गंभीर चूक सापडली. त्यांनी ते कागद दुरुस्तीसाठी परत पाठविले. ही गोष्ट आपल्याला कळते ती बॅबेज यांच्याच आत्मवृत्तावरून; आपली चूक त्यांनी मोठ्या मनाने सांगून टाकली आहे. निबंधाला सरकारविरुद्धची एक निनावी प्रस्तावना जोडावी, असा हट्ट मात्र त्यांनी त्याच सुमारास धरला. बाईंनी त्यालाही ठाम नकार दिला. थोड्याशा रुसव्याफुगव्यानंतर दोघांचा स्नेह पूर्ववत झाला.

परंतु हीच दक्षता बाईंना प्रत्येक वेळी साधली, असे म्हणता येणार नाही. मेनाब्रिया यांच्या मूळ फ्रेंच निबंधात स्थिती या अर्थाचा एक लहानसा शब्द होता. छापताना त्यातील एक अक्षर बदलले आणि त्याचे त्रिकोणमितीतील कोसाइन होऊन बसले. त्यामुळे त्या वाक्याला काही अर्थच उरला नाही. लव्हलेसबाईंनी त्या निरर्थक वाक्याचे जसेच्या तसे भाषांतर केले. बॅबेज यांचे हस्तलिखित ज्या नजरेने त्यांनी पाहिले, त्या नजरेने हे छापील पान पाहिले नाही. छापलेले म्हणजे खरेच असणार, हा भ्रम भल्याभल्यांना होतो.

प्रस्तुत लेखकाला आपल्या शिक्षकी पेशातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे सातवीच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका उदाहरणाचे उत्तर जवळजवळ साऱ्या वर्गाचे चुकले होते आणि साऱ्यांची चूक एकच होती. चौकशी केली तेव्हा कळले की बाजारातील एका मार्गदर्शकात ते उत्तर चुकीचे छापलेले होते. याचे मला फारसे नवल वाटले नाही. वाईट वाटले ते एका मुलीची वही पाहून. तिने उदाहरण स्वतः सोडविले होते आणि तिचे उत्तर बिनचूक होते. ते तिने खोडले होते आणि शेजारी मार्गदर्शकातील उत्तर लिहिले होते.

लव्हलेसबाईंच्या टिपांत तक्त्याखेरीज आणखी दोन विचार फार मोलाचे आहेत. पहिला असा की, यंत्र केवळ संख्यांचेच काम करील असे नाही. सुरांचे परस्परसंबंध जर नियमांत मांडता आले, तर ते संगीतरचनाही करू शकेल. १८४३ साली हे म्हणणे किती धाडसाचे होते याची कल्पना करा. दुसरा विचार पहिल्याला आवर घालणारा आहे. या यंत्राविषयी अवास्तव कल्पना कोणी करू नयेत, असे त्यांनी बजावले. ते स्वतः होऊन काही निर्माण करील, असा त्याचा दावा नाही. एखादे काम कसे करावे हे आपल्याला ठाऊक असेल, तरच ते आपण त्याला सांगू शकतो आणि तेवढेच ते करते. नवी वस्तू पुढे आली की लोक प्रथम तिला डोक्यावर घेतात आणि भ्रमनिरास झाला की तिची खरी योग्यताही नाकारतात, हे मनुष्यस्वभावाचे मर्मही त्यांनी सांगितले आहे.

बाईंचे पुढील आयुष्य सुखात गेले नाही. प्रकृती ढासळत गेली. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा नाद त्यांना जडला आणि त्यात हजारो पौंड गेले. इतकी चिकित्सक बुद्धी असलेल्या व्यक्तीने शर्यतीच्या घोड्यावर विश्वास टाकावा, हे दुर्दैव होय. पण चरित्र सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे. कर्करोगाने दीर्घकाळ यातना सोसून २७ नोव्हेंबर १८५२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्या अवघ्या छत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याच इच्छेनुसार हकनॉल गावच्या चर्चमध्ये, ज्या पित्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्या बायरन यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

ॲनालिटिकल एंजिन कधीच पुरे झाले नाही. टिपांची आठवणही जवळजवळ बुजली होती. विसाव्या शतकात विजेवर चालणारे संगणक तयार झाले, तेव्हा त्यांकडे पुन्हा लक्ष गेले. १९५० साली ॲलन ट्युरिंग या थोर गणितज्ञाने, यंत्राला विचार करता येईल काय, या विषयावर निबंध लिहिला. त्यात लव्हलेसबाईंचा आक्षेप असे नाव देऊन त्याने बाईंच्या म्हणण्याचा परामर्श घेतला. यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, असे ट्युरिंगचे उत्तर होते. हा वाद अद्याप मिटलेला नाही. १९८० साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका नव्या संगणकभाषेला मान्यता दिली. तिचे नाव ॲडा, आणि तिच्या प्रमाणग्रंथाचा क्रमांक १८१५, म्हणजे बाईंचे जन्मवर्ष. प्रोग्राम चालविण्यापूर्वीच त्यातील पुष्कळशा चुका पकडल्या जाव्यात, अशी या भाषेची रचना आहे. म्हणूनच विमाने, अग्निबाण यांसारख्या जोखमीच्या कामांत ती वापरली जाऊ लागली.

याच भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामची हकीकत मोठी विलक्षण आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपीय देशांचा एरियान-५ हा नवा अग्निबाण आकाशात झेपावला. त्यावर चार उपग्रह होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून चाळीस सेकंदांच्या सुमारास तो भलत्याच दिशेला वळला आणि फुटून गेला. चौकशीत कारण निघाले ते असे. अग्निबाणाची दिशा सांगणाऱ्या यंत्रातील प्रोग्राम आधीच्या एरियान-४ या अग्निबाणावरून तसाच उचललेला होता. तेथे तो उत्तम चालला होता, म्हणून नव्या अग्निबाणाच्या मार्गावर तो कसा चालेल याची नीट परीक्षा कोणी घेतलीच नाही. नवा अग्निबाण जुन्यापेक्षा वेगळ्या मार्गाने जाणारा होता. जेथे ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते, अशा जागेत त्याहून मोठी संख्या शिरू लागली आणि यंत्र बंद पडले. जोडीला असावे म्हणून दुसरे यंत्र ठेवले होते; पण त्यातही तोच प्रोग्राम होता, आणि तेही तसेच बंद पडले. सर्वांत खेदाची गोष्ट ही की, प्रोग्रामच्या त्या भागाची अग्निबाण जमीन सोडल्यानंतर काही गरजच नव्हती.

आता तर प्रोग्राम लिहिण्याचे कामही यंत्रेच करू लागली आहेत. २०२१ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे असे मदतनीस वापरात येत गेले. काय हवे ते साध्या भाषेत सांगावे आणि त्याने क्षणार्धात प्रोग्राम लिहून द्यावा! माणसांनी पूर्वी लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामांवरून, कशापुढे काय येते हे शिकून ही यंत्रे लिहितात. त्यांच्यामुळे पुष्कळ कंटाळवाणे काम वाचते, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उत्तर बरोबर असो वा चूक, त्यांचा सूर सारखाच ठाम असतो. जी साधने अस्तित्वातच नाहीत, त्यांची नावे देऊन ती वापरा म्हणून सांगण्याचे प्रकारही त्यांच्याकडून घडले आहेत. आणि लिहून मिळालेले वाचण्याचा कंटाळा हा माणसाचा जुनाच दोष आहे. जे जाणकार आहेत ते अशा वेळी घाई करीत नाहीत. यंत्राने दिलेली प्रत्येक ओळ ते स्वतः वाचतात, दुसऱ्या सहकाऱ्याला वाचावयास देतात, लहान लहान उदाहरणे घालून उत्तर पडताळतात. कोणता बदल केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवतात. प्रस्तुत लेखकाला संगणकशास्त्रातले फारसे कळत नाही. पण ही रीत वाचताना त्याला पेन्सिलीने लिहिलेला तो तक्ता आठवल्यावाचून राहत नाही.

त्या तक्त्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. अभ्यासकांनी तो पुढे ओळीओळीने तपासला, तेव्हा १८४३ च्या छापील पानावर चौथ्या पायरीत एक चूक आढळली. तेथे भागाकार उलटा छापला आहे. बाईंनी घेतलेल्या उदाहरणात त्या जागी ७ ला ९ ने भागावयाचे आहे. छापील आज्ञेप्रमाणे गेले तर ९ ला ७ ने भागावे लागते. यंत्राने ती आज्ञा निमूटपणे पाळली असती आणि पुढचे सारे गणित चुकले असते. परंतु त्याच ओळीत, उत्तर काय यावयास हवे याचा जो रकाना बाईंनी आखला होता, त्यात भागाकार बरोबर दिलेला आहे. चूक सापडते ती या दोन रकान्यांचा मेळ बसत नाही म्हणून. तुम्ही बीजगणित शिकलात म्हणजे हा तक्ता मिळवून चौथ्या ओळीवर बोट ठेवून पाहा.